ल्योंच्या चुली

फ्रान्समधील ल्यों या नगरीची ख्याती तिच्या खाद्यपरंपरेमुळे जगभर पसरली आहे. ऱ्होन आणि सोन या नद्यांच्या संगमावर वसलेल्या या नगरीत जेवायला कोठे जावे, या प्रश्नाला तेथील इतिहासाने दोन उत्तरे दिली : 'बुशों' नावाच्या साध्या खानावळी आणि 'मेर', म्हणजे 'आई', या नावाने ओळखल्या गेलेल्या स्त्रियांची भोजनगृहे. या दोहोंची मुळे श्रमिकांच्या पानात आणि घरकाम करणाऱ्या स्त्रियांच्या चुलीत आहेत.

एकोणिसाव्या शतकात ल्यों हे रेशमी वस्त्रांचे मोठे केंद्र होते. क्रवा-रूस टेकडीवरील घरांची छते उंच बांधलेली असत, कारण त्यांत जाकार पद्धतीचे उंच माग बसवावे लागत. तेथील विणकरांना 'कान्यू' म्हणत. ठरलेले किमान मजुरीदर पाळण्यास व्यापाऱ्यांनी नकार दिल्यावर नोव्हेंबर १८३१ मध्ये त्यांनी उठाव केला आणि काही दिवस शहर आपल्या ताब्यात ठेवले. एप्रिल १८३४ मधील दुसरा उठाव लष्कराने रक्तपात करून मोडला.

या विणकरांचे खाणे बुशोंमध्ये आजही टिकून आहे. सकाळीच घेतल्या जाणाऱ्या त्यांच्या भरपेट न्याहारीला 'माशों' असे नाव आहे. धनिकांच्या पानात सहसा न येणारी वजडी, आतडी यांना येथे मानाचे स्थान मिळाले. वजडीचा तुकडा मुरवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळला की 'तबलिए द सापर' तयार होते. चक्क्यासारख्या मऊ चीजमध्ये बारीक चिरलेला कांदा, हिरवी पाने आणि व्हिनेगर घालून केलेल्या पदार्थाला 'सर्वेल द कान्यू', अर्थात 'विणकराचा मेंदू', म्हणतात. या नावात वरच्या वर्गाचा उपहास असल्याचे सांगितले जाते. माग थांबले, तरी तो शब्द मात्र खाद्यपदार्थांच्या यादीत सन्मानाने उरला.

दुसरी परंपरा रेशमाने श्रीमंत झालेल्या घरांतून आली. तेथील स्वयंपाकिणींपैकी अनेकींनी पुढे नोकरी सोडून वा गमावून स्वतःची भोजनगृहे काढली. मेर फियू म्हणून प्रसिद्ध झालेल्या फ्रांस्वाज फायोल (१८६५–१९२५) यांचे जेवण ठरावीक पदार्थांचे असे. कोंबडीच्या कातडीखाली काळ्या ट्रफलच्या चकत्या सरकवून ती शिजवली जाई. पांढऱ्यावरील त्या काळ्या छटेमुळे या पदार्थाला 'अर्धशोक' हे नाव मिळाले. पाहुण्यांच्या मेजाशी उभे राहून त्या स्वतः कोंबडी कापून वाढीत.

त्यांच्याच स्वयंपाकघरात युजेनी ब्राझिए (१८९५–१९७७) घडल्या. शेतकरी कुटुंबातील या मुलीची आई ती दहा वर्षांची असताना वारली. अविवाहित असताना मातृत्व आल्यामुळे वडिलांनी तिला घराबाहेर काढले. बाळाला दाईकडे ठेवून ती ल्योंमध्ये नोकरीस लागली. १९२१ मध्ये ब्राझिए यांनी र्‍यू रॉयाल येथे भोजनगृह उघडले. पुढे नगरीबाहेरील ल्युएर घाटात दुसरे सुरू केले. १९३३ मध्ये मिशलँ मार्गदर्शिकेने दोहोंना प्रत्येकी तीन तारे दिले. एकाच वेळी सहा तारे मिळवणारी ती पहिली व्यक्ती होय. ही बरोबरी साधण्यास आलाँ द्युकास यांना १९९८ साल उजाडावे लागले.

पॉल बोक्यूझ १९४६ मध्ये ब्राझिए यांच्याकडे उमेदवारीस आले. तेथे त्यांना पाककलेबरोबरच गाईंचे दूध काढण्याचे आणि कपडे धुण्याचेही काम पडले. गुरूचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रेंच पाककलेचा चेहरा म्हणून जगासमोर आले ते बोक्यूझच. ल्योंच्या मोठ्या मंडईला २००६ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. 'आई' या संबोधनात जिव्हाळा होता. मात्र त्यामुळे व्यवसायातील कठोर शिस्त, हिशेब आणि कौशल्य हे जणू गृहिणीच्या उपजत गुणांचेच फळ ठरले. पुरुषाला 'शेफ' हे पद मिळाले, स्त्रीला नाते.

पर्यटकांची गर्दी वाढल्यावर 'बुशों' हे नाव कोणीही लावू लागले, तेव्हा १९९७ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये अस्सल खानावळींसाठी मानचिन्ह ठरवण्यात आले. र्‍यू रॉयाल येथील भोजनगृह २००८ मध्ये मात्यू व्हियाने या पाककर्त्याने हाती घेतले. मालक आणि काळ बदलला, पण त्यांनी जुनेच नाव कायम ठेवले : 'ला मेर ब्राझिए'.