कवटीचे माप

मानववंशशास्त्राच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्याच्या हाती वाकड्या पायांचे, कंपासासारखे एक उपकरण येते. त्याने डोक्याची लांबी व रुंदी मोजावयाची, रुंदीला शंभराने गुणून लांबीने भागावयाचे आणि येणारा अंक वहीत टिपावयाचा. कृती इतकी सोपी, की तिच्यामागचा इतिहास सहसा कोणी विचारीत नाही. तथापि तो ठाऊक नसेल, तर उपकरण हाती असूनही शास्त्र हाती लागत नाही.

१९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाच्या मापावरून हिंदुस्थानातील जातींची उतरंड लावली. नाक जितके रुंद, तितकी जात खालची, असा त्यांच्या सिद्धांताचा आशय होता. राज्यकर्त्याच्या लेखणीतून उतरलेला हा सिद्धांत आकड्यांच्या बळावर शास्त्र म्हणून मिरवू लागला. मालवणला जन्मलेले डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ मधील आपल्या ग्रंथात ती मापे पुन्हा तपासली, आणि उत्तरेकडचा काही प्रदेश वगळता ही उतरंड इतरत्र जुळत नाही, असे दाखवून दिले. आकड्यांना उत्तर आकड्यांनीच मिळाले.

घुर्ये यांच्याच हाताखाली मुंबई विद्यापीठात इरावती कर्वे यांनी १९२८ साली एम. ए. केले. पुढे त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्याकडे संशोधनासाठी गेल्या. मानवी कवटीच्या उजव्या व डाव्या बाजू तंतोतंत सारख्या नसतात. ही असमानता युरोपीय वंशात विशेष असावी आणि तिचा बुद्धीच्या श्रेष्ठतेशी संबंध असावा, असा फिशर यांचा कयास होता. तो पडताळण्याचे काम या परदेशी विद्यार्थिनीकडे आले. संस्थेच्या संग्रहात जर्मनीच्या आफ्रिकेतील वसाहतीतून आणलेल्या कवट्याही होत्या. बाईंनी १४९ कवट्या मोजल्या. निष्कर्ष सरळ निघाला : असमानता सर्वच माणसांत आढळते, वंशाशी तिचा संबंध नाही.

परका देश, परकी भाषा, आणि पदवी ज्यांच्या हाती त्याच गुरूंच्या मताविरुद्ध जाणारा पुरावा. थोडी मोडतोड केली असती, तर गुरूही संतुष्ट झाले असते. बाईंनी जे दिसले तेच लिहिले. १९३३ साली जर्मनीत सत्तांतर झाले, फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले, आणि वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेने लक्षावधी माणसांचे बळी घेतले. त्या मोजमापावर काय अवलंबून होते, हे तेव्हा जगाला कळले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. इरावतीबाईंनी मोजपट्टी टाकून दिली नाही. १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करीत असताना त्या महाराष्ट्रभर हिंडल्या आणि अनेक जातीजमातींची मापे त्यांनी घेतली. परंतु मापाबरोबर त्या नात्यांची नावे विचारीत, लग्ने कोठे जुळतात ते टिपीत, ओव्या ऐकत. १९५३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा भारतीय आप्तसंबंधांवरील ग्रंथ हे या परिश्रमांचे फळ होय. माणसाचे माप घेता येते. मोल मात्र त्या मापातून निघत नाही, हा विवेक त्यांच्या कार्यात सतत जागा होता.

१९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात रायपूर व विदर्भ एकत्र नांदत होते. त्याच परिसरातील कमार जमातीवर श्यामाचरण दुबे यांनी लिहिलेला ग्रंथ १९५१ साली प्रसिद्ध झाला. १९६४ मध्ये रायपुरात विद्यापीठ स्थापन झाले व तेथे मानववंशशास्त्राचे शिक्षणही मिळू लागले. आज समता कॉलनीतला एखादा विद्यार्थी हा विषय घेतो, तेव्हा त्याने मोजावयाची माणसे दूर देशीची नसतात. ती त्याच्या शेजारची असतात. म्हणून उपकरण उचलण्यापूर्वी त्याने बर्लिनमधील त्या १४९ कवट्या आठवाव्यात. अंक काय येतो, हे मोजल्यावरच ठरते. मोजण्यापूर्वी ते ज्याने ठरविले, त्याने शास्त्र शिकलेच नाही.