थर्मोस्टॅट : इंजिनाच्या तापमानाचा नियंत्रक

उन्हाळ्यात घाट चढताना गाडी तापू लागली, की थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. उष्ण हवामानात त्याची गरजच काय, असा त्यामागचा तर्क असतो. मात्र, हा तर्क फसवा आहे.

इंजिन जितके थंड तितके चांगले, हा समज बरोबर नाही. बहुतेक मोटारींमध्ये कूलंटचे तापमान ९० अंश सेल्सिअसच्या आसपास असावे लागते. इंजिन त्याहून बरेच थंड राहिल्यास इंधनाचे ज्वलन नीट होत नाही. न जळलेले इंधन आणि पाण्याचा अंश ऑइलमध्ये मिसळतो, झीज वाढते आणि मायलेज घटते.

हे तापमान राखण्याचे काम थर्मोस्टॅट करतो. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मार्गातील या झडपेत एक छोटी धातूची डबी असते आणि तिच्यात विशिष्ट प्रकारचे मेण भरलेले असते. इंजिन थंड असताना झडप बंद राहते व कूलंट रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरते. साधारण ८२ ते ८८ अंशांना मेण वितळून प्रसरण पावते, दांडा ढकलला जातो आणि झडप उघडू लागते. आणखी दहा-पंधरा अंशांनंतर ती पूर्ण उघडते. तापमान उतरले, की मेण आकुंचन पावते आणि स्प्रिंग झडप पुन्हा मिटवते.

झडप बंद अवस्थेत अडकली, तर कूलंट रेडिएटरपर्यंत पोहोचत नाही. इंजिन झपाट्याने तापते आणि हेड गॅस्केट जळण्याचा धोका निर्माण होतो. उघडी अडकली, तर तापमानाचा काटा बराच वेळ खालीच राहतो. काही इंजिनांत तापमान वाढल्यावर आतला आडमार्ग बंद करण्याचे कामही थर्मोस्टॅटच करतो. अशा गाडीतून तो काढल्यास बरेचसे कूलंट रेडिएटरला वळसा घालते आणि गाडी उलट अधिक तापू शकते.

थर्मोस्टॅटची तपासणी सोपी आहे. तो पाण्याच्या भांड्यात टांगून पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या सुमारास झडप उघडू लागली नाही, तर त्याच अंशांचा नवा थर्मोस्टॅट बसवावा. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडू नये. दाबाखालील उकळते कूलंट अंगावर उडून गंभीर भाजू शकते.