ज्ञानराधा मल्टीस्टेट ठेव प्रकरण

बीडच्या ज्ञानराधा मल्टीस्टेट को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटीत ठेवी अडकल्याचे प्रकरण. सक्तवसुली संचालनालयाच्या (ईडी) म्हणण्यानुसार सुमारे ४ लाख ठेवीदारांचे ३,७०० कोटी रुपये या संस्थेत होते.

संस्थेचे प्रमुख सुरेश कुटे हेच खाद्यतेल व दूध व्यवसायातील कुटे ग्रुपचेही प्रमुख होते. सगळे प्रकरण या एका गोष्टीभोवती फिरते. १२ ते १४ टक्के व्याज कबूल करून घेतलेल्या ठेवींतले सुमारे २,३०० कोटी पुरेसे तारण न घेता कर्ज म्हणून कुटे ग्रुपकडे वळवले, असा ईडीचा आरोप आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये ग्रुपवर आयकर विभागाचे छापे पडले, ठेवीदार घाबरले आणि पैसे परत मिळेनासे झाले. मे २०२४ पासून गुन्हे नोंदले गेले. जूनमध्ये कुटे यांना अटक झाली, तर ऑक्टोबरमध्ये ईडीने १,००२ कोटींच्या मालमत्तेवर टाच आणली.

मल्टीस्टेट संस्था २००२ च्या केंद्रीय कायद्याखाली चालते. तिच्यावर देखरेख दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकांची. बँकेतल्या ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला मिळणारे विमा संरक्षण तिच्या ठेवींना नाही. ठेवीची पावती मात्र बँकेच्या एफडीसारखीच: नाव, मुदत, व्याजदर आणि मुदतीअखेर मिळणारी रक्कम. हिंगोली-वसमतच्या बाजारात हळद विकली की शेतकऱ्याच्या हाती वर्षाचा पैसा एकदम येतो. पुढच्या लावणीपर्यंत, मुलीच्या लग्नापर्यंत तो कुठे ठेवायचा? बँकेच्या जवळपास दुप्पट व्याज देणारी, काउंटरवर ओळखीचा माणूस असलेली शाखा मराठवाड्यातल्या अशा घरांना जवळची वाटली. त्यांना लोभी ठरवणे अन्यायाचे आहे.

दुबईच्या अबराज ग्रुपमध्येही दुसऱ्यांचा पैसा असाच भलतीकडे वळवल्याचे आरोप झाले. २००२ मध्ये स्थापन झालेली ही गुंतवणूक कंपनी विकसनशील देशांत रुग्णालयांसाठी पैसा गोळा करत होती. तो पडून का आहे, असे गेट्स फाउंडेशनसारख्या गुंतवणूकदारांनी विचारले, तपासनीस नेमले आणि २०१८ मध्ये कंपनी कोसळली. गेवराई-माजलगावच्या ठेवीदाराला कुटे ग्रुपच्या खात्यांत असे डोकावण्याची सोय नव्हती.

त्याच्या बाजूने आहे तो महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार हितसंरक्षण कायदा, बोलीभाषेत 'एमपीआयडी'. त्यानुसार मालमत्ता जप्त करून, न्यायालयाच्या आदेशाने विकून रक्कम ठेवीदारांत वाटता येते. तिथे हक्क सांगताना पुरावा म्हणून पुढे करायची ती हीच पावती.