खोक्यावरचा ०.४६२

रायफलच्या ०.३०८ इंची, १६८ ग्रेनच्या एका नावाजलेल्या गोळीचा 'बीसी' ०.४६२ आहे. बीसी म्हणजे बॅलिस्टिक कोइफिशंट. हा आकडा जितका मोठा, तितकी गोळी हवेला कमी जुमानते.

हवा गोळीला किती अडवते, हे १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने दाखवलं. लोखंडी लंबकाला त्याने जाड लाकडी फळी बसवली, खाली एक फीत अडकवली आणि फळीवर बंदूक झाडली. गोळी बसली की लंबक मागे झुले, फीत ओढली जाई. फीत किती सरकली यावरून गोळीचा वेग. मग बंदूक लांब नेऊन पुन्हा तेच. मधल्या अंतरात हवेने खाल्लेला वेग इतका भरला, की फेकलेल्या वस्तूच्या मार्गासाठी गॅलिलिओने सांगितलेला पॅराबोला वेगवान गोळीला लागूच पडेना. या साऱ्या कथेत मला थोर वाटतो तो हाच माणूस. ईस्ट इंडिया कंपनीच्या किल्ल्यांच्या कामासाठी तो हिंदुस्थानात आला आणि १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये बॅशफोर्थ या संशोधकाने, जर्मनीत क्रुप कंपनीने तोफगोळ्यांचे वेग विजेच्या उपकरणांनी मोजले. पण प्रत्येक नवा गोळा कोण झाडून बघणार? म्हणून एक प्रमाण गोळा ठरला: वजन एक पौंड, व्यास एक इंच, बीसी १. क्रुपच्या मोजमापांवरून रशियन सेनानी मायेव्स्कीने हवेच्या विरोधाची सूत्रं बांधली. अमेरिकेत इंगल्स या सेनाधिकाऱ्याने त्यांवरून कोष्टकं केली. बाकीच्या गोळ्यांनी या प्रमाण गोळ्याशी तुलना करून घ्यायची.

आपल्या गोळीचं पौंडातलं वजन इंचातल्या व्यासाच्या वर्गाने भागलं की येतात ०.२५३. तिच्या आकाराला होणारा विरोध प्रमाण गोळ्याच्या सुमारे ५५ टक्के. ०.२५३ ला ०.५४७ ने भागा, ०.४६२ हजर.

अडचण एवढीच, की तो प्रमाण गोळा, म्हणजे जी-१, आखूड नाकाचा, सपाट बुडाचा. आजच्या लांब पल्ल्याच्या गोळ्या निमुळत्या नाकाच्या आणि बुडाशीही निमुळत्या. त्यामुळे वेग उतरला की हा बीसीही बदलतो. अशा गोळ्यांसाठी जी-७ नावाचा वेगळा प्रमाण गोळा आहे. त्याच्याशी ताडून पाहिलं तर त्याच गोळीचा आकडा जवळपास निम्मा होतो, पण वेगाबरोबर फारसा हलत नाही. तेव्हा गोळ्यांची दोन खोकी शेजारी ठेवून आकडे ताडण्याआधी, आकडा जी-१ चा आहे की जी-७ चा, ते वाचा.