वैद्यालाही वाद शिकावा लागायचा

टीव्हीवर रात्रीची चर्चा सुरू झाली की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "बंद कर तो वितंडवाद!" हा शब्द आपण नुसत्या भांडणासाठी वापरतो. पण तो मूळचा तर्कशास्त्रातला, आणि त्याचा अर्थ अगदी नेमका आहे.

गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते शोधायला पुराव्यानिशी केलेली चर्चा म्हणजे वाद. काहीही करून जिंकायचं म्हणून केलेली, तो जल्प. आणि स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त समोरच्याची मोडायची, ती वितंडा. रोज रात्री यातलं काय चालतं, ते तुम्हीच ठरवा.

गंमत म्हणजे हा अभ्यास फक्त तत्त्वज्ञांपुरता नव्हता. चरकसंहिता हा वैद्यकाचा ग्रंथ. त्याच्या विमानस्थानातल्या आठव्या अध्यायात वैद्य होऊ पाहणाऱ्याला वादाचे नियम शिकवलेत, त्यासाठी 44 संज्ञा दिल्यात. मोकळ्या मनाने केलेली चर्चा कशी असते, हरवण्यासाठी केलेली कशी, हेही सांगितलंय. वैद्याला हे कशाला हवं? कारण रोग थेट दिसत नाही, लक्षणांवरून ओळखावा लागतो. अनुमान चुकलं तर माणूस जिवानिशी जातो.

सातव्या शतकात चिनी भिक्खू ह्युएनत्संग नालंदात येऊन शिकला. भारतात शिकवल्या जाणाऱ्या पाच विद्या त्याने नोंदवल्यात: व्याकरण, शिल्प-कला, वैद्यक, हेतुविद्या आणि अध्यात्म. हेतुविद्या म्हणजेच तर्कशास्त्र. नालंदात प्रवेशासाठी आलेल्यांना दारातच अवघड प्रश्न विचारत आणि बरेच जण तिथूनच परत फिरत, असंही तो लिहितो. मायदेशी परतल्यावर 647 साली त्याने शंकरस्वामीचा 'न्यायप्रवेश' हा ग्रंथ चिनी भाषेत नेला.

शिकवत काय, याचा एक नमुना बघा. कुणी म्हणालं, "हा नवकंबल आहे", म्हणजे याच्याकडे नवं कांबळं आहे. समोरचा म्हणतो, "नव म्हणजे नऊ. याच्याकडे तर एकच दिसतंय, हा खोटं बोलतोय!" याला 'छल' म्हणतात. वात्स्यायनाच्या न्यायभाष्यातलं हे उदाहरण. एखाद्याच्या भाषणातला एक शब्द उचलून त्याचा भलताच अर्थ लावायचा, हा उद्योग आजही जोरात आहे.

दुसरी गोष्ट त्याहून कामाची. न्यायसूत्रांत ज्ञानाची चार साधनं दिलीत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याने सांगितलेलं. पण कुणीही सांगितलेलं नाही, 'आप्ता'ने सांगितलेलं. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला ती गोष्ट स्वतः माहीत आहे आणि जी जशी आहे तशी सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. व्हॉट्सअॅपवर 'जसं आलं तसं पुढे पाठवतोय' म्हणणारा या व्याख्येत बसतो का?

आपले पूर्वज थोर होते, असं म्हणून छाती फुगवायला मी हे लिहीत नाही. ही दारं तेव्हा सगळ्यांना उघडी नव्हती. बायका आणि कष्टकरी जाती बहुतांशी बाहेरच होत्या. आज कॉलेजची दारं उघडी आहेत, पण हा विषय कोपऱ्यात गेलाय. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र आहे, तेही ऐच्छिक. पुढे डॉक्टर, इंजिनिअर, सीए होणारी बहुतेक पोरं त्याच्या वाटेला जात नाहीत. आम्हा पत्रकारांचंही तेच. डिप्लोमाला बातमी कशी लिहायची ते शिकवलं, पण समोरच्याचा दावा कसा तोलायचा, ते पुढे कामावर ठेचा खात शिकावं लागलं.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे: शाखा कुठलीही असो, पदवीच्या पहिल्या वर्षाला एक सहामाही तर्क आणि प्रमाणविचार सगळ्यांना असावा. निवडणूक, औषध, कर्ज, अफवा, कुठेही तो उपयोगी पडेल.

पटत नसेल तर खाली जरूर लिहा. फक्त कारण आणि उदाहरण द्या. वाद घालू, वितंडा नको.