दाहाची तारीख

जुन्या दप्तरातला कागद हाती आला, की इतिहासाचा अभ्यासक आधी त्याचा काळ विचारतो. वैद्यकातही एक विकार असा आहे, की ज्याचे निदान दीर्घकाळ याच प्रश्नावर उभे होते. तो म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. या विकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंच्या मायलिन नावाच्या आवरणावर उलटते. तेथे दाह होतो. तो ओसरला, की कठीण वण मागे उरतो. पॅरिसच्या शार्को यांनी १८६८ मध्ये अशा वणांचे आणि रोग्यांच्या लक्षणांचे नाते मांडले.

पण वण दिसत तो शवविच्छेदनात. जिवंत माणसाबाबत वैद्याला दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागत : मज्जासंस्थेला एकाहून अधिक ठिकाणी इजा झाली आहे, आणि ती एकाहून अधिक वेळा झाली आहे. पहिल्या झटक्यानंतर दुसऱ्याची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसे. ही वाट पाहण्याची पाळी बहुधा विशी ते चाळिशीतल्या माणसांवर, आणि त्यातही स्त्रियांवर अधिक येते.

१९८१ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयातील संशोधकांनी दहा रोग्यांच्या मेंदूची चुंबकीय प्रतिमा घेतली. सीटी स्कॅनमध्ये १९ डाग दिसले होते. नव्या तंत्राने आणखी ११२ दाखवले. रोग्याने कधी तक्रारही केली नव्हती असा इतिहास त्या चित्रात होता. मात्र डाग जुना की ताजा, हे त्यावरून कळत नव्हते. ते उत्तर त्याच दशकात गॅडोलिनियम या द्रव्याने दिले. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये एक राखण असते. दाह ताजा असला, की ती ढिली पडते, शिरेतून दिलेले द्रव्य आत झिरपते आणि तो डाग उजळतो. काही आठवड्यांत राखण सावरते आणि उजाळा विझतो. म्हणून एकाच प्रतिमेत काही डाग उजळलेले व काही न उजळलेले दिसले, तर दोन वेगळ्या काळांचा पुरावा एका बैठकीत मिळतो. मॅक्डोनाल्ड निकषांच्या २०१० च्या आवृत्तीने हा पुरावा ग्राह्य धरला, आणि दुसऱ्या झटक्याची सक्तीची प्रतीक्षा अनेकांपुरती संपली.

आपल्याकडे हा रोग दीर्घकाळ दुर्मिळ मानला गेला. १९८० च्या दशकातील अंदाज लाखामागे एक-दोन रोग्यांचा होता. त्याच दशकात मुंबईच्या पारशी समाजात रीतसर मोजणी झाली, तेव्हा हे प्रमाण लाखामागे वीसच्या पुढे निघाले. पुढे मंगळूर शहरातील पाहणीत, २०१४ च्या सुमारास, ते आठच्या आसपास आढळले. या फरकात वंशाचा वाटा असेलच. पण रोग सापडला तो जिथे शोधला गेला तिथे, हेही आम्हांला तितकेच खरे वाटते.

आता दौंड तालुक्यात, यवतजवळच्या कासुर्डीसारख्या गावातून या इतिहासाकडे पाहावे. उसाच्या बांधावर काम करणाऱ्या एखाद्या तरुण स्त्रीला एका डोळ्याने धूसर दिसू लागते, डोळा हलवताना दुखतो. कचरा गेला असेल, चष्मा लागला असेल, असे घरचे म्हणतात. महिन्या-दीड महिन्यात नजर बरीचशी परतते, आणि गोष्ट विसरली जाते. दोन वर्षांनी पाय जड होतात, तेव्हा मागचा डोळा कोणाला आठवत नाही. सोलापूर रस्त्याने पुणे काही फार दूर नाही. एमआरआयची यंत्रे तेथे आहेत. पण दाह मावळल्यावर गाठलेल्या यंत्राला वण दिसतो, त्याची तारीख दिसत नाही. शिवाय प्रत्येक पांढरा डाग याच रोगाचा नसतो. ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव, क्षयरोग, किंवा उपचारच वेगळे असलेला न्यूरोमायलायटिस ऑप्टिका यांचीही शक्यता पडताळावी लागते. अशा वेळी चित्राला रोग्याच्या कथनाची जोड लागतेच.

हा प्रश्न केवळ नोंदीच्या नेटकेपणाचा नाही. वेळीच सुरू केलेली औषधे पुढचे झटके कमी करतात. गेलेला तंतू मात्र परत आणत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने या विकाराला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले, पण तो हक्क मिळवायचा तर आधी निदानाचा कागद हवा. लक्षणे येतात आणि जातात, म्हणून जिला 'सोंग करते' असे घरातच ऐकावे लागते, तिच्या दृष्टीने त्या कागदाचे मोल उपचारापलीकडचेही आहे.

आमच्या घरोघरी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत दुधाचा खाडा, सिलिंडरची तारीख, गाय फळल्याचा दिवस टिपलेला असतो. सुनेच्या डोळ्यापुढे धुके आले, तो दिवसही त्याच चौकोनात लिहावा, आणि तो चौकोन डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवावा.