टूडीची कुळकथा

नवीन जालन्यात इकोकार्डिओग्राफी असं पूर्ण नाव कुणी घेत नाही. ‘आत्याची टूडी झाली का?’ एवढंच विचारतात. आत्याच्या फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या अडकून जुन्या झाल्यात. औषधाचा गुण पाहायला ती दर काही महिन्यांनी डाव्या कुशीवर झोपते, बरगड्यांच्या फटीत थंडगार जेल लागतं आणि पडद्यावर हृदयाची झडप उघडझाप करताना दिसते.

या टूडीचं कूळ लोखंडातलं. सळयांच्या आमच्या गावाला ते ठाऊक असायलाच हवं. धातूत ध्वनिलहरी सोडून आतली चीर शोधणारी यंत्रं कारखान्यांत होती. स्वीडनमधल्या लुंडचे डॉक्टर इंगे एडलर यांना छाती न उघडता झडप पाहायची होती. भौतिकशास्त्रज्ञ हेल्मुट हर्ट्झ यांनी माल्मोच्या जहाजकारखान्यातलं यंत्र वापरून पाहिलं, मग सीमेन्सकडून एक उसनं आणलं. २९ ऑक्टोबर १९५३ रोजी दोघांनी त्यावर हृदयाची हालचाल टिपली. तेव्हा नुसत्या रेघाच उमटत. हलतं, सपाट चित्र पुढं आलं आणि ‘टू डायमेन्शनल’ची टूडी झाली.

गुठळ्यांनी वाढणारा फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला दाब मात्र चित्रात दिसत नाही. तो हिशेबानं काढतात. झडपेतून मागं उसळणाऱ्या रक्ताचा वेग डॉप्लरनं मोजायचा, त्याचा वर्ग करून चारनं गुणायचं. वेग सेकंदाला ३.५ मीटर असेल, तर ४९. त्यात उजव्या वरच्या कप्प्याचा दाब मिळवायचा. मुळात हे १७३८ मधलं बर्नुलीचं तत्त्व. १९८४ मध्ये योक आणि पॉप या डॉक्टरांनी हा आकडा कॅथेटरच्या मापाशी ताडून पाहिला. तरी तो अंदाजच. नक्की दाब हवा तर शिरेतून कॅथेटर घालावा लागतो.

शिवाय हवेनं भरलेल्या फुप्फुसात ध्वनीचं काही चालत नाही. रक्तवाहिनी कुठं चिंचोळी झाली ते सीटी अँजिओत दिसतं. रक्त कुठं पोचत नाही, ते व्हीक्यू स्कॅन सांगतो. १९६४ मध्ये बाल्टिमोरच्या हेन्री वॅग्नर यांच्या चमूनं प्रथिनाचे किरणोत्सारी कण शिरेतून सोडून अशी चित्रं घेतली. रक्त न पोचलेला भाग त्यात रिकामा राहतो.

गेल्या खेपेला आत्याच्या टूडीतला आकडा उतरला होता. स्कॅनमधला रिकामा भाग मात्र होता तेवढाच होता. दोन्ही कागद मांडीवर घेऊन ती डॉक्टरांना म्हणाली, “यातलं खरं कुठलं?”

“दोन्ही,” डॉक्टर म्हणाले. “दाब उतरलाय, मावशी. वाट अजून बंदच आहे.”